फुफ्फुसातली गाठ, रोबोट आणि आपली सही

(कार्यकर्त्यांच्या आरोग्य-शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रोबोट’ हा शब्द वाचून काहीजणींना हसू आलं. मला ते समजतं. काल दिवसभर आपण प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या रिकाम्या कपाटांबद्दल बोललो. आज लाखो डॉलरच्या यंत्राची गोष्ट कशाला? संयोजक मैत्रिणींना मीही हेच विचारलं. त्या म्हणाल्या, यंत्राची माहिती सांगच, पण यंत्रापुढे झोपलेल्या बाईचं काय होतं ते जास्त सांग. तेच करणार आहे.

मी मूळची कराडची. मुंबईत नर्सिंग शिकले आणि गेली बावीस वर्षं अमेरिकेत, न्यू जर्सी राज्यात काम करते. त्यातली शेवटची सहा वर्षं श्वासनलिकेची दुर्बीण-तपासणी होते त्या विभागात आहे. मी डॉक्टर नाही. उपचारांचा सल्ला देणार नाही. पण सहीचा कागद बाईपुढे धरला जातो तेव्हा मी शेजारी उभी असते, आणि त्या जागेवरून बरंच दिसतं.

आधी गाठ म्हणजे काय ते पाहू. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसात तीन सेंटिमीटरपर्यंतचा गोलसर ठिपका दिसला की त्याला नोड्यूल म्हणतात. आपल्या मापात सांगायचं तर तुरीच्या दाण्यापासून लहानशा लिंबापर्यंत. त्याहून मोठं असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतात. बहुतेक वेळा ही गाठ कुणी शोधायला गेलेलं नसतं. अपघात झाला, पोटात दुखलं, हृदयाची तपासणी केली, म्हणून स्कॅन काढला आणि त्यात ती दिसली. बाईला ना खोकला, ना ताप. आणि अहवालातल्या एका ओळीने तिची झोप उडते.

ती झोप बहुतेकदा विनाकारण उडते, हे आकड्यांनी सांगते. अमेरिकेत त्रेपन्न हजारांहून जास्त सिगरेट ओढणाऱ्या स्त्री-पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने दरवर्षी तपासलं तर फुफ्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू वीस टक्क्यांनी कमी झाले. ही मोठी गोष्ट आहे, ती कमी लेखू नका. पण त्याच अभ्यासात जवळजवळ दर चार स्कॅनमागे एकात काहीतरी संशयास्पद सापडलं, आणि त्या सापडलेल्यांपैकी ९६ टक्क्यांहून अधिक कॅन्सर नव्हतेच. जुना क्षय, बुरशीचा जुना संसर्ग, भरून आलेली जखम, एवढंच. आणि हे कॅन्सरचा धोका ज्यांना जास्त अशा माणसांत.

म्हणून सहा मिलिमीटरहून लहान एकटी गाठ असेल आणि बाईला विशेष धोका नसेल, तर २०१७ सालची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की पुन्हा स्कॅनसुद्धा करायची गरज नाही. सहा ते आठ मिलिमीटरला काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. आठच्या वर गेलं की तीन महिन्यांनी स्कॅन, नाहीतर पेट स्कॅन, नाहीतर तुकडा काढून तपासणं, यांतला पर्याय निवडायचा. माझ्या विभागाचा संबंध येतो तो या तिसऱ्या पर्यायाशी.

तुकडा काढायचा कसा? श्वासनलिका म्हणजे उलटं टांगलेलं झाड समजा. खोड घशातून खाली येतं, त्याला दोन फांद्या फुटतात, त्या फांद्यांना आणखी, असे वीसहून अधिक वेळा फाटे फुटत जातात. नेहमीची दुर्बीण साधारण करंगळीहून बारीक असते. ती पहिल्या चार-पाच फाट्यांपर्यंत जाते, पुढे अडते. आणि लहान गाठी बहुधा बाहेरच्या कडेला, पानांजवळ असतात. मग दुसरा मार्ग म्हणजे बाहेरून, बरगड्यांमधून सुई घालणं. ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण सुईने फुफ्फुसाला भोक पडतं, हवा बाहेर गळते, फुफ्फुस आक्रसतं आणि कधी छातीत नळी घालून दवाखान्यात राहावं लागतं.

रोबोट आला तो इथे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोनार्क नावाच्या यंत्राला २०१८ साली परवानगी दिली, आयनला २०१९ साली, गॅलक्सीला २०२३ साली. रोबोट म्हटल्यावर डोळ्यांपुढे चालताबोलता पुतळा येतो. तसं काही नसतं. खाटेशेजारी एक यंत्राचा हात असतो, त्यातून एक लवचीक नळी निघते. आयनची नळी साडेतीन मिलिमीटर जाडीची, म्हणजे लहान मुलांच्या पेन्सिलीच्या निम्मीच. डॉक्टरीणबाई थोड्या अंतरावर उभ्या राहून एक गोळा आणि एक चाक फिरवतात, आणि आत नळी वळते, पुढे जाते. नळीच्या अंगात प्रकाशाचा एक बारीक तंतू असतो, नळी आत कशी वळली आहे हे तो सांगत राहतो. आधी काढलेल्या सीटी स्कॅनवरून झाडाचा नकाशा बनवलेला असतो. त्या नकाशावर रस्ता आखलेला असतो. नेणारं माणूसच असतं. यंत्र स्वतःच्या मनाने काही करत नाही.

एक गंमत सांगते, म्हणजे गंमत नव्हे, पण माहीत असावी अशी गोष्ट. नकाशा काढला तेव्हा बाई जागी होती, खोल श्वास रोखून पडली होती. आता ती पूर्ण भुलीत आहे, श्वास यंत्र देतंय, फुफ्फुसाचे काही भाग मिटलेत. म्हणजे गाव तेच, पण घरं सरकलेली. नकाशा म्हणतो पोचलो, आणि गाठ असते सेंटिमीटरभर पलीकडे. म्हणून तिथे पोचल्यावर पुन्हा क्ष-किरणांनी किंवा अल्ट्रासाउंडने खात्री करावी लागते. आयनमध्ये तर सुई घालायच्या आधी नळीतला कॅमेरा बाहेर काढावा लागतो. जागा दोघांना पुरत नाही. म्हणजे नेमक्या त्या क्षणी डोळा नसतो. कंपनीच्या रंगीत पुस्तिकेत हे इतकं ठळक छापलेलं नसतं.

कंपनीचा विषय निघालाच आहे तर तेवढं बोलून घेते. मोनार्क बनवणारी ऑरिस कंपनी जॉन्सन अँड जॉन्सनने २०१९ साली सुमारे ३४० कोटी डॉलरना विकत घेतली. एवढा पैसा ओतल्यावर तो परत यावा लागतो, आणि रुग्णालयाने यंत्र विकत घेतलं की ते रिकामं ठेवणं परवडत नाही. अशा उपकरणांना मिळणारी परवानगी ‘आधीच्या उपकरणासारखंच आहे’ या आधारावर मिळते. बायका जास्त जगतात हे सिद्ध करावं लागत नाही. मी यंत्राच्या विरोधात नाही. माझं पोट त्याच विभागावर चालतं, आणि त्याचा उपयोग मी रोज पाहते.

उपयोग केवढा? २०२५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या सात केंद्रांत, एक ते तीन सेंटिमीटरच्या गाठी असलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला बाहेरून सुई, दुसऱ्याला नकाशाच्या आधाराने आत जाणारी दुर्बीण. ही दुर्बीण म्हणजे सगळीकडे रोबोटच असं नव्हे, हे लक्षात ठेवा. खरं निदान दुर्बिणीने शंभरात ७९ जणांत मिळालं, सुईने सुमारे ७४. जवळजवळ बरोबरी. फरक पडला तो त्रासात. फुफ्फुसाबाहेर हवा गळणं सुईच्या गटात शंभरात २८, दुर्बिणीच्या गटात तीन-चार. ज्या बाईला दुसऱ्या दिवशी कामावर जायचंय, घरी लहान मूल आहे, तिच्यासाठी हा आकडा फार मोठा आहे.

पण रोबोट हाताच्या दुर्बिणीहून सरस आहे का? व्हँडरबिल्ट विद्यापीठात दोन्हींची समोरासमोर तुलना झाली. नकाशावर चालणारी, हाताने हलवायची दुर्बीण आणि रोबोट. दोन्हींनी साधारण चारांपैकी तिघांत निदान दिलं. रोबोट पुढे गेला नाही.

आणि उरलेला चौथा? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अहवालात लिहून येतं, ‘कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत’. घरी पेढे वाटले जातात. पण सुई गाठीच्या शेजारी लागली असेल तरीही अहवाल हेच म्हणेल. कॅन्सर नाही म्हणजे मग आहे काय, क्षय आहे, बुरशी आहे, सूज आहे, हे ठामपणे लिहिलेलं नसेल तर तो अहवाल अर्धा आहे. बाईने विचारलं पाहिजे, तुम्हाला गाठ सापडली होती का, आणि पुढचा स्कॅन कधी.

आता आपल्या विषयाकडे येते. फुफ्फुसाचा कॅन्सर हा पुरुषांचा, विडी-सिगरेटवाल्यांचा रोग, अशी समजूत आहे. अमेरिकेत १९८७ सालापासून तो स्तनांच्या कॅन्सरपेक्षा जास्त बायकांचा जीव घेतो आहे. तिथे आशियाई वंशाच्या ज्या बायकांना तो होतो, त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींनी आयुष्यात एकदाही सिगरेट ओढलेली नसते. पण अमेरिकेतली नियमित तपासणी कुणाला, तर वय ५० ते ८० आणि रोज एक पाकीट अशी किमान वीस वर्षं सिगरेट ओढलेल्यांना. चुलीपुढे चाळीस वर्षं काढून आलेली आपली बाई त्या रांगेत कुठेच नाही. तिचा खोकला म्हणजे दमा, नाहीतर ‘टेन्शन’.

दुसरीकडे तैवानचं पाहा. तिथे सिगरेट न ओढणाऱ्या बायकांतला कॅन्सर लक्षात घेऊन खाजगी रुग्णालयांनी निरोगी बायकांना स्कॅनची जोरदार जाहिरात केली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००४ ते २०१८ चे आकडे तपासले. बायकांत पहिल्या टप्प्याचा कॅन्सर सहापटीहून जास्त वाढलेला. लवकर सापडत असतील तर पुढच्या टप्प्याचे रुग्ण कमी व्हायला हवेत ना? ते होते तेवढेच राहिले. याचा अर्थ असा की ज्या गाठींनी त्या बायकांना जन्मभर त्रास दिला नसता, अशा कितीतरी गाठी शोधून, फुफ्फुसाचे तुकडे कापून काढले गेले. एक बाई आजारी असून तिला कुणी पाहत नाही, आणि दुसरी निरोगी असून तिला पाहायचं कुणी थांबत नाही. यंत्र दोघींनाही तेच.

चुलीबद्दल एवढंच सांगून पुढे जाते. चीनच्या युन्नान प्रांतात शुआनवेई नावाचा भाग आहे. तिथे घरात धुराटा कोळसा जाळत, आणि सिगरेट न ओढणाऱ्या बायकांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण भयंकर होतं. चुलींना धुराडी बसवली, आणि ज्या घरांत बसवली तिथे कॅन्सर कमी झाल्याचं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. धुराड्याला कुणी रोबोट म्हणत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

आता एका काकूंची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. साठी ओलांडलेल्या, मुलाकडे राहणाऱ्या. गाडीला धक्का लागला म्हणून स्कॅन झाला आणि उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात अकरा मिलिमीटरची गाठ दिसली. पेट स्कॅनमध्येही ती उजळली. तपासणीच्या दिवशी मुलगा बरोबर. डॉक्टर विचारत, मुलगा उत्तर देई. “हर हेल्थ इज परफेक्ट.” आईकडे वळून म्हणे, “आई, साधी तपासणी आहे.” कॅन्सर हा शब्द त्याने भाषांतरात गाळला. प्रेमापोटीच गाळला, मला शंका नाही.

अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला रुग्णाच्या भाषेत दुभाषी द्यावा लागतो, आणि घरच्या माणसावर काम भागवू नये असा नियम आहे. प्रत्यक्षात फोनवर आधी हिंदी पुढे केली जाते. मी दुभाषी म्हणून परीक्षा दिलेली आहे. मुलाला मी चहा घेऊन या म्हणाले आणि काकूंजवळ बसले. “काकू, पूर्वी कधी छातीचा काही आजार?” त्या दाराकडे बघून म्हणाल्या, “लग्नाआधी क्षय झाला होता गं. सहा-सात महिने सुया घेतल्या. सासरी सांगितलं नव्हतं. ह्यांना पण नाही. ह्याला सांगू नकोस.”

चाळीस वर्षं, मैत्रिणींनो! नवरा गेला तरी ती गोष्ट पोटात. आणि त्या एका वाक्यावर सगळं निदान फिरू शकत होतं. कारण जुन्या क्षयाची गाठ बहुधा वरच्या भागात असते, पेट स्कॅनमध्ये तीही उजळू शकते. डॉक्टरांना सांगायची परवानगी मी काकूंकडून घेतली. तपासणी रद्द झाली नाही, व्हायलाही नको होती, कारण क्षय झालेल्या बाईला कॅन्सर होत नाही असं थोडंच आहे. पण काढलेला तुकडा कॅन्सरबरोबर क्षयाच्या तपासणीलाही गेला. नाहीतर तो सगळा फॉर्मालिनच्या बाटलीत जातो, आणि त्यातून जंतू वाढवून पाहता येत नाहीत. काकूंची गाठ जुन्या क्षयाचीच निघाली. मुलाला त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. ते त्यांचं आहे.

आपल्याकडे तर हे अधिकच लागू आहे. तुकडा निघणार असेल तर तो क्षयासाठीही पाठवणार का, हे आधी विचारायचं. आणि कॅन्सर निघाला तर औषध कोणतं चालेल हे ठरवायला जनुकांची तपासणी लागते. सिगरेट न ओढणाऱ्या आशियाई बायकांत एक विशिष्ट बदल बराच आढळतो, आणि त्यावर गोळ्या आहेत. त्या तपासणीलाही पुरेसा तुकडा लागतो.

शेवटचा मुद्दा सहीचा. पूर्वी तपासणी एका दिवशी, अहवाल आठवड्याने, मग शस्त्रक्रियेचं बोलणं. त्या आठवड्यात बाईला रडायला, बहिणीला फोन करायला, दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला वेळ मिळे. आता काही अमेरिकन रुग्णालयांत एकाच भुलीत दोन्ही उरकतात. रोबोटने तुकडा काढला, तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, कॅन्सर दिसला तर लगेच फुफ्फुसाचा तो भाग कापला. दोनदा भूल नको, महिनाभराची वाट नको, खर्च कमी. काहीजणींना हेच हवं असतं, आणि ते चुकीचं नाही. पण बाई भूल उतरून जागी होते तेव्हा निर्णय होऊन गेलेला असतो. म्हणजे तो आधी, शुद्धीत, सगळ्या शक्यता समोर ठेवून व्हायला हवा. कागदावर ‘आवश्यक ते उपचार’ असं मोघम लिहिलेलं पुरत नाही.

आपल्या देशात याचा कायदा आहे आणि तो एका बाईने लढून मिळवला आहे. १९९५ साली दिल्लीत समीरा कोहली तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर होत्या. बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी त्यांचं गर्भाशय आणि बीजाशय काढले. चव्वेचाळीस वर्षांची, अविवाहित, सज्ञान बाई! सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला की तपासणीला दिलेली संमती ही उपचाराला दिलेली संमती नव्हे. जिवावर बेतलेलं नसेल, तर रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि आईची सही चालत नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात पोचला तेव्हा आपण हीच भाषा बोलत होतो. अवयव बदलला, यंत्र बदललं, कागद तोच आहे.

नवऱ्याची सही मागणारे दवाखाने आजही आहेत, हे तुम्ही मला काल सांगितलंत. कायद्याने सज्ञान बाईची स्वतःची सही पुरते. निकालाची प्रत संघटनेच्या कार्यालयात ठेवा आणि कुणाबरोबर दवाखान्यात जाल तेव्हा पिशवीत घ्या.

एक काम घरी गेल्यावर करा. कोविडच्या लाटांत, २०२० आणि २०२१ साली, आपल्याकडे छातीचे असंख्य एचआरसीटी झाले. त्यांच्या फिल्मी आणि सीडी कुठे आहेत? नवऱ्याची फाईल कपाटात नीट असते, बाईची फिल्म माळ्यावर गुंडाळी होऊन पडते. मी हे दोन्ही देशांत पाहिलंय. उद्या कुणाच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली, तर जुन्या स्कॅनमध्ये ती होती का हे पहिल्यांदा पाहतात. घट्ट गाठ दोन वर्षं तेवढीच असेल, तर बहुतेक वेळा ना सुई लागते ना रोबोट. वस्तीतल्या बायकांच्या फिल्मी शोधा, त्यावर नाव आणि तारीख आहे का बघा, उन्हापासून दूर, आडव्या ठेवा. सीडी असेल तर एखाद्या मुलीकडून पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, जुन्या सीडी वाचता येईनाशा होतात.

मागून चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. प्रश्न विचारा. भुलीबद्दल कुणालातरी विचारायचं होतं ना, मघाशी?